शिनिंग ते ल्हासा स्लीपर गाडी: उक्षीहून गेलेल्या आम्हा दोघांचा अनुभव

चीनची थेट विमानं परत सुरू झाल्यापासून ओळखीतले तीनचार जण विचारून गेले, तुम्ही ती तिबेटची ट्रेन केलीत ना, कशी आहे, जावं का, झेपेल का. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा सगळं लिहूनच टाकते. आम्ही गेलो २०१९ च्या सप्टेंबरात, त्यामुळे परमिटचे आणि व्हिसाचे आत्ताचे नियम तुम्ही तुमच्या टूरवाल्याला नीट विचारून घ्या, बाकी गाडी, रूळ आणि डोंगर काही फार बदलले नसणार.

आधी आम्ही कोण ते सांगते, म्हणजे पुढचं लिहिलेलं कळेल. आम्ही उक्षीचे, रत्नागिरी तालुक्यातले, करबुड्याच्या बोगद्याच्या अलीकडचं स्टेशन. आमचे हे कोकण रेल्वेत ट्रॅकवर होते, २०१८ ला रिटायर झाले. म्हणजे आमच्या घरात गाडी हा विषय चहासारखा, रोजचा. रिटायर झाल्यावर लोक काशीला जातात, यांनी कुठेतरी त्या ल्हासाच्या लाइनचे फोटो बघितले होते आणि डोक्यात तेच घेतलं, मला एकदा ती लाइन बघायचीय. मी म्हटलं अहो आयुष्यभर रूळच बघितलेत ना, तर म्हणाले, अगं आपल्याकडे पाणी वाहतं म्हणून रूळ सांभाळायचा, तिकडे पाणी गोठलेलं राहावं म्हणून सांभाळतात, ते कसं करतात ते मला बघायचंय. मला तेव्हा काही कळलं नाही, गाडीत बसल्यावर कळलं.

मोजमापं पटकन सांगते. चीनमधलं शिनिंग ते तिबेटची राजधानी ल्हासा १९५६ किलोमीटर. शिनिंग ते गोलमुड हा टप्पा १९८४ सालीच चालू झाला होता, गोलमुड ते ल्हासा हा अवघड ११४२ किलोमीटरचा भाग २००१ ला सुरू केला आणि १ जुलै २००६ ला गाडी धावली. त्यातले ९६० किलोमीटर समुद्रसपाटीपासून ४००० मीटरच्या वर. आपली रोहा ते ठोकूर अख्खी लाइन ७४० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या पूर्ण कोकण रेल्वेपेक्षा जास्त अंतर ती गाडी ढगांच्या उंचीवर चालते असं समजा.

आता तिकिटाचं. परदेशी माणसाला तिबेटचं परमिट लागतं आणि ते टूर कंपनीमार्फतच मिळतं, एकट्यादुकट्याने जाऊन तिकीट काढून बसलो असं तिथे होत नाही. आम्ही ग्रुपमधून गेलो. ज्या टूरवाल्याकडून गेलो त्याचं नाव घेत नाही, पण पैसे घेतले सॉफ्ट स्लीपरचे आणि शिनिंगला तिकिटं हातात दिली ती हार्ड स्लीपरची, तीही आम्हा दोघांची वेगवेगळ्या खणात. विचारलं तर म्हणे सीझन आहे, मिळत नाहीत. हार्ड स्लीपरचं तिकीट तेव्हा ५०० युआनच्या आसपास होतं आणि सॉफ्टचं त्याहून बरंच जास्त, मग फरकाचे पैसे परत करायला हवे होते ना. शेवटपर्यंत केले नाहीत. त्यामुळे पैसे भरण्याआधी कुठल्या क्लासचं तिकीट ते लेखी घ्या, व्हॉट्सॲपवर तरी घ्याच.

पण खरं सांगते, हार्ड स्लीपर मिळालं ते बरंच झालं. हार्ड म्हणजे फळी नाही हो, गादी, उशी, जाड रजई, पांढरी चादर सगळं असतं. एका खणात सहा बर्थ, तीन इकडे तीन तिकडे, आपल्या थ्री टायरसारखेच, फक्त आपल्यासारखे साइड बर्थ नाहीत आणि मधला बर्थ दिवसा खाली पाडत नाहीत, तो कायम तसाच असतो. म्हणून मधल्या आणि वरच्या बर्थवर ताठ बसता येत नाही, आडवंच राहायचं. पन्नाशीच्या पुढच्या माणसांनी खालचाच मागायचा. खणाला दार नसतं, आणि पॅसेजमध्ये खिडकीला लागून घडीच्या खुर्च्या आणि छोटी टेबलं असतात, तिथे बसलं की पलीकडच्या खणातूनही दिसतं आणि आपल्या बाजूचंही दिसतं, दोन्हीकडचं. सॉफ्टमध्ये चार बर्थ आणि दार, शांतता चांगली पण माणसं भेटत नाहीत. आम्हाला भेटली ती हार्डमध्येच.

गाडीत चढताना तब्येतीचा एक फॉर्म भरून घेतात, हृदयाचा फुफ्फुसाचा त्रास नाही वगैरे, त्यावर सही. हा फॉर्म मनापासून वाचा. आम्ही समुद्रकाठची माणसं, उक्षीची उंची ती काय आणि हे सरळ पाच हजार मीटर. आमच्या डॉक्टरांनी निघण्याआधी दोघांचाही ईसीजी काढला, गोळ्या लिहून दिल्या आणि शिनिंगला दोन दिवस थांबा म्हणाले, शिनिंग २२७५ मीटरवर आहे, तिथे शरीराला थोडी सवय होते. आम्ही थांबलो आणि त्याचा खूप फायदा झाला, ग्रुपमधले दोघं आदल्या दिवशीच पोचले होते, त्यांचं डोकं गोलमुडपासून जे धरलं ते ल्हासापर्यंत सुटलं नाही.

एक गैरसमज सगळ्यांचा असतो, आमचाही होता, की डब्यात विमानासारखा हवेचा दाब वाढवतात. तसं नाही. डबे बंद असतात, काचा दुहेरी आणि अल्ट्राव्हायोलेट अडवणाऱ्या, आणि गोलमुडच्या पुढे डब्याच्या हवेत जास्तीचा ऑक्सिजन सोडतात, पण दाब बाहेर असतो तोच आत. म्हणून वर गेल्यावर आमच्या फरसाणाचं पाकीट फुगून उशीसारखं टम्म झालं आणि यांच्या खिशातल्या पेनाची शाई शर्टावर आली. बर्थजवळ भिंतीत एक छोटं तोंड असतं, फार त्रास व्हायला लागला तर अटेंडंट बाई नळी आणून देते, ती त्यात खोचायची आणि नाकाला लावायची. मला तांगगुलाच्या, म्हणजे वाटेतल्या सगळ्यात उंच घाटाच्या, आधी पाऊण तास लावावी लागली, यांना नाही लागली.

आमची गाडी शिनिंगहून रात्री दहाच्या सुमारास सुटली. इथे एक चूक होते, छिंगहाई सरोवर रात्रीच्या अंधारात जातं, काही म्हणजे काही दिसत नाही. ज्यांना ते सरोवर बघायचंय त्यांनी शिनिंगला एक दिवस जास्त ठेवून रस्त्याने जाऊन यावं, पण गाडी मात्र रात्रीचीच घ्यावी, कारण मग गोलमुड पहाटे येतं आणि पुढचा सगळा बघण्यासारखा भाग लख्ख उजेडात मिळतो. अख्ख्या चीनला घड्याळ बीजिंगचं, त्यामुळे तिकडे सकाळचे सात वाजून गेले तरी उजाडत नाही आणि संध्याकाळी आठला सुद्धा उजेड असतो. गोलमुडला इंजिन बदललं, आम्ही गेलो तेव्हा पुढे डिझेल इंजिनं लागायची, यांनी अंधारात खिडकीला नाक लावून ती जोडताना बघितली.

आणि मग उजाडलं ते कुनलुनच्या डोंगरात.

मी आत्तापर्यंत डोंगर बघितले ते सगळे हिरवे. पावसाळ्यात हिरवेगार, उन्हाळ्यात करवंदीच्या जाळीचे, पण झाड हे असायचंच. इथे झाड नावाला नाही. करडी माती, तिच्यावर पिवळट गवत, आणि मागे पांढरी शिखरं, एकाच्या मागे एक. युझू नावाचं शिखर आहे ६१७८ मीटरचं, त्याच्या टोकाला आधी ऊन लागलं आणि मग ते हळूहळू खाली उतरत आलं, डब्यात कुणी बोलत नव्हतं, फक्त गरम पाण्याच्या बॉयलरजवळ कपांचा आवाज. मी देवाला हात जोडले. समोरच्या बर्थवर एक तिबेटी आजी होत्या, माळ ओढत बसल्या होत्या, त्यांनी माझ्याकडे बघून मान डोलावली.

यांचं मात्र शिखरांकडे लक्ष नव्हतं, हे खाली बघत होते. म्हणाले, ते बघ, त्या नळ्या. रुळाच्या दोन्ही बाजूला भरावात लोखंडी नळ्या रोवलेल्या, माणसाच्या उंचीपेक्षा जास्त वर आलेल्या, एकामागे एक, किलोमीटरच्या किलोमीटर. मला वाटलं कुंपण असेल. मग यांनी समजावलं ते मी माझ्या भाषेत लिहिते. तिथली जमीन आतून बारा महिने गोठलेली असते, त्या लाइनचे साधारण साडेपाचशे किलोमीटर अशा जमिनीवर आहेत. वरचा थर उन्हाळ्यात वितळतो, हिवाळ्यात फुगतो. वितळला की रूळ खचणार, फुगला की वर उचलणार. म्हणून त्या नळ्या. नळीत अमोनिया भरलेला असतो, नळीचा खालचा भाग जमिनीत खोल. हिवाळ्यात बाहेरची हवा जमिनीपेक्षा थंड, तेव्हा खालचा अमोनिया जमिनीतली ऊब घेऊन वाफ होतो, वर येतो, थंड हवेत परत द्रव होऊन खाली उतरतो. असं सारखं चालू राहतं आणि जमीन आणखी गार होत जाते. उन्हाळ्यात वरची बाजू गरम असल्यामुळे हे चक्र आपोआप थांबतं, बाहेरची उष्णता आत जात नाही. वीज नको, पंप नको, माणूस नको. काही ठिकाणी नळ्यांऐवजी भराव मोठ्या दगडांचा केलाय, दगडांच्या फटीतून हिवाळ्याची गार हवा आत उतरते. आणि जिथे जमीन फारच नाजूक तिथे सरळ पूल बांधलाय, खाली नदी नाही नाला नाही तरी पूल. वाटेतल्या होह शिलच्या माळरानात असा एक ११.७ किलोमीटरचा पूल आहे, त्याच्या खालून जनावरंही ये-जा करतात.

हे सगळं सांगताना यांचा आवाज भरून आला होता, खोटं नाही सांगत. कारण मला माहितीय यांनी काय केलंय. आपल्याकडे दर पावसाळ्यात वेगळं टाइमटेबल लागतं, गाड्या सावकाश चालवतात, धो धो पाऊस असला आणि पुढचं दिसत नसलं तर ताशी ४० च्या वर न्यायची नाही असा हुकूम असतो, आणि रात्रभर माणसं हातात बत्ती घेऊन रुळावरून चालत असतात, दरड आली का, माती सरकली का, मोरीला पाणी तुंबलं का. २००३ च्या जूनमध्ये वैभववाडीजवळ रुळावर दरड येऊन गाडी घसरली, पन्नासच्या वर माणसं गेली, त्यानंतर कित्येक रात्री यांना घरी असूनही झोप लागायची नाही, पाऊस वाढला की उठून बसायचे. आपली लाइन बांधताना पण सगळ्यात छळलं ते कातळाने नाही तर मऊ मातीच्या बोगद्यांनी, पेडण्याचा बोगदा सारखा ढासळायचा, तो झाला तेव्हा कुठे १९९८ च्या जानेवारीत लाइन पूर्ण झाली. म्हणजे जमिनीतलं पाणी काय करतं हे ज्याने अंगावर घेतलंय त्या माणसाला ती नळ्यांची रांग बघून काय वाटलं असेल. मध्येमध्ये रुळाच्या कडेला जाड कोट घातलेला पहारेकरी ताठ उभा दिसायचा, आसपास घर नाही गाव नाही. असा पहारेकरी दिसला की हे खिडकीतून हात वर करायचे. प्रत्येक वेळी.

होह शिल म्हणजे नुसतं मोकळं माळरान, २०१७ पासून जागतिक वारसा यादीत आहे. तिबेटी हरणं, ज्यांना चिरू म्हणतात, ती आम्हाला तीनदा दिसली, लांब होती पण दिसली. रानगाढवांचा मोठा कळप दिसला आणि याक तर मोजायचं सोडून दिलं. तुओतुओ नदी लागते, ती म्हणजे यांगत्सेच्या उगमाकडची नदी, रुंद पात्र आणि त्यात वेण्या घातल्यासारखे पाण्याचे पेड. फंगहुओशानचा बोगदा ४९०५ मीटरवर, जगातला सगळ्यात उंचावरचा रेल्वेचा बोगदा असं सांगतात, लांबी फक्त १३३८ मीटर, आमच्या करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरपुढे काहीच नाही, पण तिथे खोदताना कामगारांसाठी जागेवरच ऑक्सिजन तयार करून बोगद्यात सोडावा लागला होता. श्वास घ्यायला हवा नाही अशा ठिकाणी सुरुंग लावून बोगदा खोदणं, विचार करा.

खाण्याचं सांगते, कारण विचारणाऱ्या बायकांचा पहिला प्रश्न तोच असतो. डायनिंग कार आहे, भात मिळतो, भाजी मिळते, टोमॅटो अंड्याचं एक कालवणासारखं मिळतं ते चांगलं होतं. शाकाहारी असाल तर तिथल्या भाषेत लिहिलेली चिठ्ठी गाइडकडून घेऊन ठेवा. पण खरी सोय म्हणजे प्रत्येक डब्याच्या टोकाला उकळतं पाणी चोवीस तास. तिकडची सगळी माणसं त्यात नूडल्सचे डबे करून खातात, डबाभर तोच वास. आम्ही घरून पातळ पोहे, मेतकूट, सातूचं पीठ, आंबापोळी आणि आगळाची बाटली नेली होती. गरम पाण्यात आगळ, मीठ, साखर, जिऱ्याची पूड, असं कोकमाचं सार वर पाच हजार मीटरवर प्यायलो आणि माझी मळमळ त्यानेच थांबली असं मला वाटतं, डॉक्टर काय म्हणतील माहीत नाही. बाटलीचं झाकण मात्र हळूच उघडा, आतली हवा फुसकन बाहेर येते.

त्या तिबेटी आजींना मी आंबापोळी दिली. त्यांनी आधी वास घेतला, मग थोडी तोडून खाल्ली आणि उरलेली कागदात गुंडाळून पिशवीत ठेवली, नातवाला असं खुणेने सांगितलं. मग त्यांनी त्यांच्या पिशवीतून पीठ काढलं, साम्पा म्हणतात, भाजलेल्या जवाचं पीठ, त्यात लोणी आणि गरम चहा घालून बोटांनी मळलं आणि लाडू करून आमच्या हातावर ठेवला. चव थेट आपल्या सातूची, फक्त लोण्याचा वास उग्र. मी माझी सातूच्या पिठाची पिशवी उघडून दाखवली, तर त्यांनी चिमूट घेऊन जिभेवर ठेवली आणि इतक्या हसल्या, माझ्या गालाला हात लावला. एक शब्द आम्हाला एकमेकींचा कळत नव्हता. ल्हासापर्यंत मग आम्ही शेजारी शेजारीच बसून होतो.

तांगगुला दुपारी एकच्या आसपास आलं. स्टेशन ५०६८ मीटरवर, आणि घाटाचा माथा ५०७२, जगात कुठलीच प्रवासी गाडी याहून वर जात नाही. आमची गाडी तिथे थांबली नाही, निळ्या पाटीचं रिकामं स्टेशन सरकत गेलं, एवढंच. हवेचा दाब तिथे आपल्या किनाऱ्यावरच्या निम्म्याहून थोडासा जास्त. मी नळी लावून पडले होते, हे मला उठवून खिडकीशी घेऊन आले, म्हणाले, अगं हे बघितल्याशिवाय राहू नकोस. वर आकाश इतकं गडद निळं होतं की बघून भीती वाटावी.

पुढे त्सोना सरोवर, गाडी अगदी पाण्याच्या काठाकाठाने जाते, रंग असा की आपल्या आरेवारेच्या समुद्राला उन्हाळ्यात सकाळी अकराला असतो ना तसा, फक्त लाटा नाहीत. मग नाग्चूला गाडी थोडी थांबली, उतरायला देतात. उतरा पण पळू नका, आम्ही वीस पावलं चाललो आणि छातीचा भाता झाला, परत येऊन बसलो. तिथून पुढे न्येनछेन तांगल्हाची रांग, सगळ्यात उंच शिखर ७१६२ मीटर, आणि मग उतार लागतो, जवाची शेतं दिसायला लागतात, घरं, पताका, आणि कित्येक तासांनी पहिलं झाड. ते झाड बघून डब्यातल्या सगळ्याच लोकांना बरं वाटलं असावं, बोलण्याचा आवाज एकदम वाढला. ल्हासा ३६५० मीटर, म्हणजे तांगगुलानंतर ते सखलच वाटतं, पण पहिल्या दिवशी जिने चढू नका, आंघोळ सुद्धा दुसऱ्या दिवशी करा असं गाइडने सांगितलं आणि आम्ही ऐकलं.

टॉयलेट उकिडवं बसायचं, कागद आपला न्या, आणि रात्री गुडघे दुखणाऱ्यांनी दांडीला धरून उठायचं. साबण ठेवा जवळ. डब्यात दिवे साधारण दहाला बंद होतात. घोषणा चिनी, तिबेटी आणि इंग्रजीत होतात. मोबाइलला रेंज आश्चर्य वाटावं इतकी चांगली होती.

पैसे वसूल का म्हणाल तर माझं उत्तर हो, गाडीला मी पाचपैकी पाच देईन, टूरवाल्याला एकही नाही. ज्यांना दम्याचा किंवा हृदयाचा त्रास आहे त्यांनी हौस करू नये, डॉक्टर नाही म्हणाले तर नाहीच. बाकीच्यांनी रात्री गोलमुडपर्यंत झोपून घ्यायचं आणि उजाडल्यापासून पॅसेजमधली खुर्ची सोडायची नाही. आणि डोंगर बघाच, पण थोडं खाली रुळाकडेही बघा, त्या नळ्यांकडे.

ल्हासाला उतरल्यावर सगळे सामान घेऊन बाहेर पळाले, हे प्लॅटफॉर्मच्या टोकाला जाऊन उभे. मला वाटलं चक्कर आली. जवळ गेले तर वाकून खडी बघत होते. म्हणाले, आपल्यापेक्षा बारीक नाही गं, साधारण तेवढीच आहे. गाइड लांबून हाका मारत होता, आजींचा नातू त्यांना न्यायला आला होता आणि आजी त्याला पिशवीतली आंबापोळी काढून देत होत्या.